दृश्य उचलू नका, अट उचला: पहिल्या स्टुडंट फिल्मसाठी व्हिडिओ आर्ट कसं पाहायचं

सेकंड इयरला असताना मी पाण्यात हळूहळू बुडणाऱ्या माणसाची फिल्म केली होती. बिल व्हायोला नावाच्या अमेरिकन कलावंताचं काम तेव्हा नुकतंच पाहिलं होतं आणि डोक्यात नुसतं पाणी भरलं होतं. एका मित्राला त्याच्याच घरच्या हौदात उतरवलं, वर ट्यूबलाइट लावली आणि फोन स्लो मोशनवर टाकला. फूटेज कॉम्प्युटरवर उघडलं तर हौदात वीज चमकत असल्यासारखी उघडझाप चाललेली. ते 'इफेक्ट' म्हणून खपवलं. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "पाणी छान आहे, पण हा माणूस पाण्यात का आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो पाण्यात होता, कारण व्हायोलाचा माणूस पाण्यात होता.

आता ज्युनिअर मुलं-मुली प्रोजेक्टच्या आधी भेटायला येतात तेव्हा बहुतेकांच्या फोनमध्ये असाच एखादा हौद असतो. म्हणून हे लिहितोय. तीन ते पाच मिनिटांची फिल्म करायची आहे, हाताशी फोन आणि एखादा लॅपटॉप आहे, आणि सरांनी 'थोडं व्हिडिओ आर्ट बघा' (म्हणजे कलावंतांनी मुख्यतः गॅलरीत दाखवण्यासाठी केलेले व्हिडिओ) असं सांगितलंय, अशांसाठी.

पायरी १: नक्कल आणि प्रेरणा यांतला फरक आधी समजून घ्या

लग्नातला उखाणा आठवा. नाव आलं पाहिजे आणि यमक जुळलं पाहिजे, एवढीच अट. बाकी त्यात चांदीचं ताट घालायचं की लोकलचा सीझन पास, हे ज्याचं त्याचं. दुसऱ्याचा पाठ केलेला उखाणा म्हटला की मांडवातल्या बायकांना लगेच कळतं. अट तीच ठेवून स्वतःचा रचला तर कुणी चोरी म्हणत नाही.

व्हिडिओ आर्टमधून घ्यायची ती अट. बहुतेक चांगल्या कामांच्या मुळाशी एक साधी, कधीकधी हट्टी वाटावी अशी अट असते. अमुक होईपर्यंत कॅमेरा हलणार नाही, अमुक आवाज आला की दृश्य तुटेल, असं काहीतरी.

ब्रिटिश कलावंत स्टीव्ह मॅक्वीनचं उदाहरण घ्या. १९९७ साली त्यानं 'डेडपॅन' केलं. बस्टर कीटनच्या १९२८ च्या मूकपटात घराची अख्खी भिंत नायकावर कोसळते आणि तो नेमका खिडकीच्या जागी उभा असल्यानं वाचतो. मॅक्वीननं तोच प्रसंग स्वतःवर घडवला, पण भिंत पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या कोनांतून पडते आणि त्याचा चेहरा ढिम्म राहतो. मूळ विनोद एका झटक्यात संपतो. इथं तो संपत नाही, त्यामुळे हसू येत नाही. प्रसंग उघडपणे उसना आहे, अट मात्र मॅक्वीनची. हाच माणूस पुढे फीचर फिल्मकडे वळला, आणि त्याच्या '१२ इयर्स अ स्लेव्ह'ला २०१४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. गॅलरीतला हा अभ्यास थिएटरात वाया जात नाही, असं घरच्यांना पटवायचं असेल तर हे नाव कामाला येतं.

पायरी २: थोडं बघा, पण पूर्ण बघा

चाळीस कामांच्या चाळीस क्लिपा पाहण्यापेक्षा तीन कामं दोन-दोनदा पाहा. पहिल्यांदा नुसतं पाहा. दुसऱ्यांदा वही घ्या आणि दर अर्ध्या मिनिटाला काय दिसतं, काय ऐकू येतं, काय बदललं, एवढंच लिहा. 'सुंदर', 'गूढ', 'अस्वस्थ करणारं' हे शब्द वहीत बंद. ते समीक्षेला ठीक आहेत, शूटिंगला त्यांचा काही उपयोग नाही.

कुठं पाहायचं? पॅड डॉट एमए हे ऑनलाइन संग्रहालय २००८ पासून चालू आहे. मुंबईच्या 'कॅम्प' या कलागटाचा त्यात मोठा वाटा आहे. तिथं कच्चं फूटेज टिपणांसकट फुकट पाहता येतं. बऱ्याच कलावंतांची आणि म्युझियमची स्वतःची चॅनेल्सही आहेत. प्रत्यक्ष पाहायला मिळालं तर सोडू नका. दक्षिण मुंबईतल्या खासगी गॅलऱ्यांमध्ये जायला पैसे पडत नाहीत (दाराशी अदबीनं उभा असलेला माणूस तुम्हाला हाकलायला नसतो, उगाच बिचकू नका, रविवारी मात्र बरेचदा बंद असतात). डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो. कोचीचं बिएनाले (म्हणजे साधारण दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) २०१२ पासून होतंय, आणि तिथल्या जुन्या गोदामांतून व्हिडिओ पाहणं हा वेगळाच अनुभव आहे.

काळ्या पडद्यामागच्या खोलीत गेलात की तिथल्या माणसाला विचारा, "लूप (संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा व्हिडिओ) किती मिनिटांचा आहे, आत्ता कुठं आहे?" मग खाली बसा. लोक अर्धा मिनिट डोकावून जातात आणि बाहेर येऊन 'कळलं नाही' म्हणतात.

पायरी ३: पाहिलेल्या कामाची अट एका वाक्यात लिहा

ही खरी मेहनतीची पायरी. इथं मी मुद्दाम रेंगाळणार आहे.

अमेरिकन कलावंत जोन जोनास, 'व्हर्टिकल रोल', १९७२, सुमारे २० मिनिटं, कृष्णधवल. जुन्या टीव्हीवर चित्र वर-खाली पळायला लागायचं, आठवतंय? नसेल तर आईबाबांना विचारा. मागचं 'व्हर्टिकल होल्ड'चं बटण पिळायचं, नाहीतर टीव्हीला एक चापट मारायची. कॅमेऱ्याचा सिग्नल आणि टीव्ही यांचा मेळ बसला नाही की असं होतं. जोनासनं हा बिघाड दुरुस्त केला नाही. चित्र पळतच राहतं, मधली काळी पट्टी पुन्हा पुन्हा तळाला आदळते आणि चमचा आपटल्यासारखा खणखणीत ठोका वाजत राहतो. त्या पट्टीच्या तालावर तिचं शरीर तुकड्यातुकड्यानं दिसतं. अगदी शेवटी ती टीव्ही आणि कॅमेरा यांच्यामध्ये आपलं डोकं आणते, आणि इतका वेळ आपण पडद्यावरचा पडदा पाहत होतो हे लक्षात येतं.

अट: *यंत्राचा बिघाड हाच ताल, आणि माणूस त्या तालाच्या ताब्यात.*

या वाक्यात टीव्ही नाही, स्त्री नाही, चमचाही नाही. असं झालं की समजावं, अट सापडली. तुमच्या वाक्यात मूळ कामातल्या वस्तू शिल्लक असतील तर अजून खरवडा.

दुसरं, मार्था रॉस्लरचं 'सेमिऑटिक्स ऑफ द किचन', १९७५, जेमतेम सहा मिनिटं. कॅमेरा स्थिर. एप्रन घातलेली बाई टीव्हीवरच्या पाककृतीच्या कार्यक्रमासारखी उभी राहते आणि इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानं स्वयंपाकघरातली एकेक वस्तू उचलून दाखवते. वापरून दाखवते तेव्हा प्रत्येक हालचाल गरजेपेक्षा जास्त जोरात. डाव (पळी) उचलून त्यातला नसलेला पदार्थ बाजूला भिरकावते. शेवटच्या अक्षरांना वस्तू उरत नाहीत, तेव्हा सुरी-काटा हातात धरून अंगानंच अक्षरं काढते. आणि मग खांदे उडवते.

हे पाहिलं की आपल्याकडचं पोरगं दुसऱ्या दिवशी अडकित्ता, उलथनं, किसणी, खलबत्ता, झारा, पोळपाट, रवी, विळी, सोऱ्या अशी यादी घेऊन येतं. मजा येते, 'ण'ला काय करायचं यावर कँटीनमध्ये अर्धा तास जातो. पण हे उखाण्यातलं फक्त नाव बदलणं झालं. अट अशी आहे: *बाहेरून लादलेला शिस्तीचा क्रम मुकाट पाळायचा, आणि न बोललेला राग हालचालीतून गळू द्यायचा.* असा क्रम तुमच्या आसपास कुठं आहे? बँकेतला टोकन नंबर, शाळेतली हजेरी, नाहीतर बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीनं आधी पाणी, मग पोहे, मग चहा घेऊन यायचं ते.

तिसरं आपल्या घरचं. नलिनी मलानी यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९६९ मध्ये शिक्षण पूर्ण केलं. त्याच वर्षी चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केलं होतं. चित्रकार आणि फिल्मवाले यांनी एकत्र प्रयोग करावेत, हा हेतू. १९७२ पर्यंत ते चाललं. मलानींनी तिथं 'ड्रीम हाउसेस' केली: पुठ्ठ्याच्या घरांचं मॉडेल, रंगीत प्रकाश, एकेक फ्रेम पुढं सरकवत केलेलं ॲनिमेशन. नव्या देशात सगळ्यांना नवी, उजळ घरं मिळतील, हे त्या काळाचं स्वप्न त्यात आहे. काही वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यांनी कृष्णधवल फिल्म केली, त्यात एक तरुणी समोर पसरलेल्या मुंबईकडे पाहते. दोन्ही फिल्म शेजारीशेजारी प्रक्षेपित केल्या की त्याचं नाव 'युटोपिया'. अट: *स्वप्न आणि त्याचं पुढं जे झालं ते, एकाच वेळी, एकमेकांवर भाष्य न करता.* बिल्डरचं माहितीपत्रक आणि पझेशननंतर सातव्या वर्षीचा जिना, एवढं तरी प्रत्येकाला जवळपास सापडेल.

आणि फोनवरच शूट करणार आहात म्हणून चौथं. 'कॅम्प'चं 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ', २०१३. कच्छच्या आखातातून लाकडी गलबतांवर शारजा, सोमालियाकडे माल नेणाऱ्या खलाशांनी स्वतःच्या मोबाइलवर काढलेले व्हिडिओ, त्यांनीच त्यांना जोडलेल्या गाण्यांसकट. चित्र फाटतं, पिक्सेल दिसतात, मध्येच फोन बदलला की दर्जा बदलतो. कुणी ते गुळगुळीत करायला गेलं नाही. 'आमच्याकडे चांगला कॅमेरा नाही' असं रडगाणं गाणाऱ्याला मी हे सव्वा तासाहून मोठं काम पूर्ण पाहायला लावतो.

पायरी ४: अट आपल्या जागेला लावून बघा

गेल्या वर्षी एका मुलीला तिच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर फिल्म करायची होती. तिला 'व्हर्टिकल रोल' आवडलं होतं आणि एडिटमध्ये चित्र पळवायचा इफेक्ट टाकायचा विचार होता. मी म्हटलं, आधी गिरणीत जाऊन तासभर बस, फोन खिशात ठेव.

ती परत आली ती एक निरीक्षण घेऊन. मोटर चालू असली की कुणी काय बोलतंय ते ऐकूच येत नाही, सगळे खुणांनी बोलतात: बोटांनी किलो, हातवाऱ्यांनी जाड-बारीक. आणि वीज गेली की अचानक सगळ्यांना तोंड फुटतं. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं. वीज आली की वाक्य अर्धवट तुटतं.

बास. *गिरणी चालू असेपर्यंत फक्त हात दिसतील. बंद पडली की चेहरे आणि बोलणं. वीज येईल तिथं वाक्य कापायचं.* यात जोनासच्या कामातलं काहीच दिसत नाही, आणि तरी ही फिल्म तिच्यामुळेच सुचली.

तुमची अट वहीत लिहिताना हा साचा वापरा: 'या फिल्ममध्ये ____ होईपर्यंत ____ दिसणार नाही (किंवा ऐकू येणार नाही).' रिकाम्या जागा भरता येत नसतील तर जागेवर पुन्हा जाऊन बसा. संकल्पनेच्या टिपणात हेच वाक्य पहिलं टाका. ज्युरीला पानभर 'अस्तित्वाची घुसमट' वाचण्यापेक्षा हे बरं वाटतं.

पायरी ५: आधी एक मिनिटाचा नमुना

अख्खी फिल्म शूट करायच्या आधी अट पाळून फक्त एक मिनिट करा. त्यातच निम्म्या कल्पना गळतात, आणि गळू द्याव्यात.

तांत्रिक गोष्टी थोडक्यात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोनमध्ये प्रो मोड असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. एक्सपोजर आणि फोकस बोट दाबून लॉक करा, नाहीतर कुणी पांढरा सदरा घालून आला की अख्खी गिरणी काळी पडते. फोन एअरप्लेन मोडवर टाका. ट्रायपॉड नसेल तर तांदळाची पिशवी उत्तम. गिरणीत ती मागावीही लागत नाही. पीठ लेन्सवर बसतं, दर दोन शॉटनंतर सुती कापडानं पुसा. आणि पट्टा फिरत असताना ओढणी, मोकळे केस जवळ नेऊ नका. हे शूटिंगपेक्षा महत्त्वाचं.

स्लो मोशनचा मोह सगळ्यांना होतो. त्याचं गणित आधी करा. २४० फ्रेमनं घेतलेलं २५ वर चालवलं की वेळ ९.६ पट होतो, म्हणजे पाच सेकंदांची घटना ४८ सेकंद चालते. त्या ४८ सेकंदांत पाहण्यासारखं काही आहे का? व्हायोलाच्या १९९५ च्या 'द ग्रीटिंग'मध्ये आहे. पोंतोर्मोच्या सोळाव्या शतकातल्या चित्रावरून तीन बायकांची पाऊण मिनिटाची भेट त्यानं सुमारे दहा मिनिटांवर ताणली, आणि एरवी निसटून जाणारी प्रत्येक नजर दिसते: कोणाला कळलं, कोणाला बाहेर ठेवलं. माझ्या हौदात असं काहीच नव्हतं. शिवाय २४० फ्रेमला ट्यूबलाइटची उघडझाप पकडली जाते; स्लो मोशन दिवसाउजेडीच करा.

उलट दिशेनं वेळ आवळणं जास्त सोपं आणि त्याची परंपराही आपली. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपत चित्रित केली होती. कित्येक दिवसांची वाढ, पडद्यावर जेमतेम मिनिटभर. फोनला टाइमलॅप्स आहेच. काय वाढताना, आटताना, साचताना बघायचं, तेवढं ठरवा.

पायरी ६: आवाज वेगळा गोळा करा

इथं नवखे सगळ्यात जास्त फसतात. मोठा आवाज फोनच्या माइकला पेलत नाही, तो फाटतो आणि फाटलेला आवाज एडिटमध्ये शिवता येत नाही. यंत्रापासून लांब जा, दाराबाहेरून घ्या, गेन (माइक आवाज किती वाढवून घेतो ते) कमी करता येत असेल तर करा. दुसऱ्या फोनवर नुसता आवाज वेगळा घ्या. आणि प्रत्येक जागी कुणीही न बोलता एक पूर्ण मिनिट तिथली शांतता रेकॉर्ड करा. गिरणी बंद झाल्यावरची शांतता आणि घरातली शांतता एकसारखी नसते. संवादांच्या फटी बुजवायला तीच लागते.

पार्श्वसंगीत शक्यतो नको. पियानो टाकला की अट झाकली जाते.

पायरी ७: गॅलरीतली वेळ आणि वर्गातली वेळ

गॅलरीत माणूस उभा असतो, कंटाळला की निघून जातो, पुन्हा येतो. तिथं सुरुवात-शेवट नसलेला लूप चालतो. डग्लस गॉर्डननं १९९३ मध्ये हिचकॉकचा 'सायको' ताणून २४ तासांचा केला, कारण ते कुणी सलग पाहावं अशी अपेक्षाच नव्हती. तुमची फिल्म मात्र दुपारी जेवणानंतर, अर्धवट ओढलेल्या पडद्यांच्या वर्गात, बाकांवर बसलेले चाळीस जण सलग पाहणार आहेत. त्यांना उठता येत नाही, याचा गैरफायदा घेऊ नका.

म्हणून अट पहिल्या ४० सेकंदांत प्रेक्षकाच्या लक्षात आली पाहिजे, आणि शेवटाकडे ती एकदा तरी मोडली किंवा वाकली पाहिजे. रॉस्लरकडे वस्तू संपतात, जोनासकडे डोकं मध्ये येतं. गिरणीच्या फिल्ममध्ये एकदा वीज येते, मोटर सुरू होते, तरी एक आजी बोलतच राहतात. आपल्याला फक्त ओठ दिसतात. ते ठरवून घेतलं नव्हतं, फूटेजमध्ये सापडलं. असं काही सापडावं म्हणून पहिली एडिट लवकर करा. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरेशी आहे.

एडिट झाली की ती कॉलेजच्या प्रोजेक्टरवर लावून पाहा. लॅपटॉपवर दिसणारा अंधार तिथं राखाडी चिखल होतो.

परवानग्या आणि हक्क

ज्यांचे चेहरे दिसतात त्यांना आधी विचारा आणि फिल्म कुठं दाखवणार ते सांगा. रेल्वे स्टेशनवर शूट करायचं तर रेल्वेची परवानगी लागते. 'फोनच तर आहे' हे कारण पोलीस ऐकत नाहीत. जुन्या सिनेमाचे तुकडे वापरणार असाल तर भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. पण त्यातल्या गाण्याचे शब्द आणि चाल यांचे हक्क गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतात, त्यामुळे चित्रपट मोकळा झाला तरी गाणं अडकलेलं असू शकतं. आणि ज्या कामावरून सुचलं त्याचं नाव श्रेयनामावलीत लिहा. त्यानं तुमचं काही कमी होत नाही, उलट तोंडी परीक्षेत बोलायला विषय मिळतो.

सबमिट करण्याआधी, जिच्यावर फिल्म केली त्या जागेतल्या माणसांना ती दाखवा. गिरणीची फिल्म करणाऱ्या मुलीनं लॅपटॉप गिरणीत नेला, दळणाच्या डब्यांमध्ये जागा करून ठेवला. गिरणीवाल्या काकांनी चार मिनिटं हाताची घडी घालून पाहिलं. संपल्यावर म्हणाले, "बाकी ठीक आहे गं, पण मोटर एवढ्या हळू कुठं वाजते?" तिनं घरी जाऊन आवाज वाढवला आणि मग फाइल पाठवली.